अकरावीचं गणित नेमकं शिकवतं कोण?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, जागेप्रमाणं कापा, पण ताट आणि धाग्याचं जे लिहिलंय तेवढं राहू द्या, कारण सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहायला बसलोय.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग बंद पडला की तो दुरुस्त करून चालू करून देणं हे माझं काम. १९९७ ला बारावी सायन्स केलं, गणित घेऊन केलं, मार्कही बरे होते, पण तेव्हा वडील आजारी पडले आणि घरात मोठा मीच, त्यामुळं पुढचं राहिलं ते राहिलंच. गणिताची आवड मात्र सुटली नाही. मुलगी आता बारावी सायन्सला आहे, तिची पुस्तकं घरात आली की मी आधी चाळतो, रात्री जेवण झाल्यावर दोघं मिळून एखादं गणित सोडवतो, मला येत नाही ते ती सांगते, तिला येत नाही ते मी जुनं आठवून आठवून सांगतो. असं चाललेलं असतं.

तर झालं असं की जुलैमध्ये एक दिवस ती म्हणाली, पप्पा, साइन एक्सचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलायचा वेग, कॉस एक्स येतं हे पाठ आहे माझं, पण का येतं? क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले ते अकरावीचं आहे, झालंय ते. मी म्हटलं मग अकरावीची वही काढ. वही काढली तर त्यात ते प्रकरणच नाही. का नाही, तर अकरावीत असताना त्याच क्लासमध्ये दुसऱ्या सरांनी सांगितलं होतं, हे बारावीला डिटेलमध्ये घेऊ, आत्ता फॉर्म्युले लिहून घ्या. अकरावीत म्हणे बारावीला घेऊ आणि बारावीत म्हणे अकरावीला झालं. मग घेतलं कधी ओ? आणि कॉलेजचं विचारायचं कामच नाही, कॉलेजात फक्त नाव आहे, पोरगी सकाळी सात ते दुपारी दोन क्लासमध्येच असते. दोन वर्षांचे एक लाख दहा हजार आम्ही हप्त्यानं भरतोय. क्लासचं नाव मी लिहीत नाही, कारण एकाच क्लासची ही गोष्ट नाही, मी आजूबाजूच्या सहा-सात पोरांच्या वह्या मागून बघितल्या, वेगवेगळ्या क्लासच्या, वेगवेगळ्या कॉलेजच्या, सगळ्यांच्या अकरावीच्या गणिताच्या वह्या अर्ध्या कोऱ्या.

आता ते ताटाचं सांगतो. तिला मी म्हटलं, चल, मोबाईलवर करून बघू. पुस्तकात लिहिलंय की थीटा, म्हणजे कोन, शून्याकडं जायला लागला की साइन थीटा भागिले थीटा हे एककडं जातं, आणि साइनच्या डेरिव्हेटिव्हची सगळी इमारत त्या एकावर उभी आहे. तिनं मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर साइन ०.०१ काढलं, त्याला ०.०१ नं भागलं, उत्तर आलं ०.०१७४५. एक कुठंय? परत केलं, तेच. आणखी लहान आकडा घेतला, ०.०००१, तरी तेच ०.०१७४५. ती म्हणाली पप्पा पुस्तक चुकलंय का? दहावीला गणितात शंभरपैकी सत्त्याण्णव असलेली पोरगी आहे ही, हुशार आहे, मेहनती आहे, आणि तिला दिसत नव्हतं की कॅल्क्युलेटरच्या वरच्या कोपऱ्यात 'डिग' लिहिलेलं आहे, म्हणजे तो डिग्रीमध्ये मोजतोय. मी ते दाबून 'रॅड' केलं. मग केलं तर ०.९९९९८. तिचे डोळे मोठे झाले, पण लगेच पुढचा प्रश्न आलाच, असं का, रेडियन म्हणजे असतं तरी काय, आम्हाला तर फक्त पाय (π) म्हणजे १८० एवढंच सांगितलंय.

मग मी स्वयंपाकघरातनं स्टीलचं ताट आणलं, पालथं घातलं, कारखान्यातला सुताचा धागा होताच खिशात. ताटाच्या मधल्या ठिपक्यापासून काठापर्यंत धागा ताणला आणि तेवढाच तोडला. मग तोच तुकडा तिला म्हटलं आता काठावरनं गोलाकार बसव, सुरुवात कुठं आणि शेवट कुठं तिथं पेनानं खुणा कर. दोन्ही खुणा मधल्या ठिपक्याला जोडल्या, कंपासपेटीतल्या कोनमापकानं कोन मोजला, सत्तावन्नच्या जरासं पुढं. हा एक रेडियन. पुढं तोच तुकडा काठावरनं परत परत बसवत गेली, सहा वेळा पुरा बसला आणि थोडी जागा उरली, तुकड्याच्या पाव हिश्शाहून थोडी जास्त. सहा पूर्णांक अठ्ठावीस, पप्पा, टू पाय, ती ओरडलीच. तिची आई भाकरी थापायची थांबून बघायला आली की झालं काय.

म्हणजे रेडियन हे काठाची लांबी त्रिज्येच्याच मापानं मोजणं आहे. दोन्ही एकाच मापात आले की लहान कोनाला काठावरचं कमानीसारखं अंतर आणि सरळ उभी उंची जवळजवळ सारखीच होतात, म्हणून भागाकार एककडं जातो. डिग्रीत मोजलं की मापं वेगळी पडतात आणि मध्ये ते ०.०१७४५ घुसतं, जे दुसरं काही नसून पाय भागिले १८० आहे. डिग्रीत साइनचं डेरिव्हेटिव्ह काढलं तर नुसतं कॉस येतच नाही, कॉसला ते ०.०१७४५ चिकटून येतं. हे सगळं कशावर अवलंबून आहे, तर अकरावीच्या पहिल्या भागातल्या पहिल्या प्रकरणावर, कोन आणि त्याचं मापन. एकदम सोपं प्रकरण आहे म्हणून सगळ्यात आधी तेच उडवतात.

आणि ही गोष्ट आपल्याकडं जुनीच आहे. आर्यभटानं ४९९ साली 'ज्या'चा, म्हणजे आजच्या साइनचा, तक्ता दिला त्यात त्रिज्या धरलीय ३४३८. हा आकडा कुठनं आला असं वाटतं ना? वर्तुळाच्या ३६० अंशांच्या कला, म्हणजे मिनिटं, केल्या की २१६०० होतात, त्याला टू पायनं भागा, ३४३८ च येतात. म्हणजे काठ आणि त्रिज्या एकाच मापात, आमच्या ताटावर धाग्यानं केलं तेच. पुढं भास्कराचार्यांनी ११५० साली कोन थोडासा वाढवला तर ज्या किती वाढते ते सांगताना कोज्येनं गुणायला सांगितलं, म्हणजे साइनचा फरक काढायला कॉस वापरा. आपल्या पोरांना हे कुणी सांगत नाही. इतिहास म्हणून सांगू नका एक वेळ, पण गणित म्हणून तरी सांगा.

आता मूळ तक्रार. बोर्डाचं अकरावी सायन्सचं गणिताचं पुस्तक दोन भागांचं आहे, नऊ आणि नऊ अठरा प्रकरणं. बारावीचं सात आणि आठ, पंधरा प्रकरणं. अकरावीच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी फंक्शन, लिमिट, कंटिन्युइटी आणि डिफरन्शिएशन अशी रांग लावलेली आहे, आणि बारावीचा दुसरा भाग उघडला की डिफरन्शिएशन थेट पुढच्या पायरीवरनं सुरू होतं, चेन रूलपासनं. पुस्तक लिहिणाऱ्यांनी धरलंय की खालच्या पायऱ्या पोरं चढून आलीत. पण ती आलेलीच नाहीत, त्यांना लिफ्टनं वर सोडलंय.

असं का होतं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. अकरावीला बोर्ड नाही, पेपर कॉलेज काढतं, कॉलेजच तपासतं, पास सगळेच होतात. ॲडमिशन उशिरा, २०२५ पासून अख्ख्या राज्याला ऑनलाइन केल्यावर आपल्या सोलापूरच्या पोरांनाही फेऱ्यांची वाट बघत बसायला लागलं, तास सुरू व्हायलाच पावसाळा अर्धा सरतो. मग दिवाळी, मग गॅदरिंग, मग जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा, आणि फेब्रुवारी-मार्चला बारावीच्या बोर्डाचे नंबर कॉलेजात पडले की अकरावीवाल्यांना सुट्टीच. आणि इंजिनिअरिंगच्या सीईटीला अकरावीचं वजन वीस टक्के, बारावीचं ऐंशी. गणिताचे पन्नास प्रश्न, दोन-दोन मार्काचे, म्हणजे अकरावीचे दहाच, तेही ठराविक प्रकरणांवर. क्लासवाले हिशोब मांडतात की दहा प्रश्नांसाठी वर्ष कशाला घालवायचं, अकरावीतच बारावीचा पोर्शन चालू करू. ऐकणाऱ्याला पटतं ओ, मलाही पटलं होतं, मी पण सही करून आलो होतो. फी भरताना विचारलं सुद्धा नाही की अकरावीचं पुस्तक कधी शिकवणार.

हिशोबात चूक एवढीच आहे की दहा प्रश्न अकरावीचे म्हणून छापलेले असतात, पण उरलेल्या चाळीसातल्या कित्येकांच्या पोटात अकरावीच आहे. त्रिकोणमिती पक्की नसेल तर इंटिग्रेशनला हात लावता येत नाही, सरळ रेषा नीट कळली नसेल तर पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स आणि लाइन अँड प्लेन म्हणजे नुसते फॉर्म्युल्यांचे डोंगर, कॉम्बिनेशन येत नसेल तर बायनॉमिअल डिस्ट्रिब्युशन कसं येणार. 

सीईटीला नव्वद मिनिटांत पन्नास प्रश्न, एका प्रश्नाला दोन मिनिटं पण पुरी नाहीत, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून पोरांना युक्त्या शिकवतात, एक्सच्या जागी शून्य टाकून ऑप्शन उडव, इंटिग्रल सोडवू नको, चारही ऑप्शन उलटे डिफरन्शिएट करून बघ कुठलं जुळतंय. युक्त्या वाईट नाहीत, परीक्षेत वेळ वाचतो, वापराव्यात. पण माझ्या मुलीनं बोर्डाचा जुना पेपर घरी सोडवायला घेतला तेव्हा ती दहा मिनिटं नुसती बसून राहिली. ऐंशी मार्कांच्या लेखी पेपरात ऑप्शनवाले सोळाच मार्काचे, बाकी सगळं पायरी-पायरीनं लिहायचं. ऑप्शन समोर नसले तर सुरुवात कुठनं करायची तेच तिला माहीत नव्हतं. वीस मार्कांच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलचं तर काय बोलायचं, एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी, रात्रीत उतरवून सही घेऊन मोकळ्या.

एक उदाहरण इंडक्शनचं देतो. अकरावीला हे प्रकरण आहे, क्लासमध्ये सरळ सांगितलं सीईटीला येत नाही, सोडा. आता हे सोडायचं प्रकरण आहे का सांगा. गड्ड्याच्या वेळी नंदीध्वजांच्या मार्गावर आपल्याकडं रांगोळ्या घालतात, दारात ठिपक्यांची रांगोळी तर रोजचीच. एक ठिपका घाला. त्याच्या उजवीकडनं आणि खालनं काटकोनात तीन ठिपके घाला, दोन बाय दोनचा चौकोन झाला. परत तसेच पाच, तीन बाय तीन. मग सात, चार बाय चार. विषम संख्या मिळवत गेलं की वर्गच येतो, डोळ्याला दिसतं. पण शंभराव्या वेळी पण येईल का, लाखाव्या वेळी पण का, हे ठिपके घालून किती दिवस बघणार, तर ते दोन ओळींत पक्कं करायची रीत म्हणजे इंडक्शन. पहिल्याला खरं आहे हे दाखवा, आणि एकाला खरं असेल तर पुढच्याला खरं होतंच हे दाखवा, झालं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा कळतं की अनंत गोष्टींबद्दल खात्रीनं बोलता येतं. ते त्याच्यापासनं काढून घ्यायचं, का, तर दोन मार्क मिळत नाहीत म्हणून? मला हे फार लागलं, खरं सांगतो.

कुणी म्हणतं, एवढं अवघड गणित शिकून करायचं काय, पुढं लागतं कुठं. लागतं हो. आमच्या मागावर टॉवेल विणून रोलवर गुंडाळत जातो. कापड एकाच वेगानं येतंय, पण रोल सुरुवातीला भराभर फुगतो आणि नंतर हळूहळू. मला वीस-बावीस वर्षं हे दिसतंय, मुलीनं ते पुस्तकातल्या ॲप्लिकेशन ऑफ डेरिव्हेटिव्हनं मांडून दाखवलं. नळी सोडून रोलच्या टोकाचं गोल क्षेत्रफळ म्हणजे कापडाची लांबी गुणिले जाडी, मग त्रिज्येच्या वर्गाला चेन रूल लावला की त्रिज्या वाढायचा वेग त्रिज्येच्या उलट प्रमाणात निघतो. पंधरा सेंटिमीटर व्यासाची नळी, कापडाची दबलेली जाडी तीन मिलिमीटर धरली, तर सुरुवातीला एका मीटर कापडामागं त्रिज्या साधारण साडेसहा मिलिमीटर वाढते, आणि रोल पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाचा झाला की तेवढ्याच मीटरमागं दोनच. तेवढ्या रोलमध्ये कापड किती, सत्तेचाळीस मीटर. न उलगडता. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात एक रोल मीटरवर घेऊन बघितला, थोडाच फरक पडला, धागा कुठं दबतो कुठं नाही त्याचा. दोन दिवस कारखान्यात सगळ्यांना तेच सांगत होतो मी.

आणि ज्यांनी गणितच सोडलं त्यांचं दुःख वेगळं. मुलीची एक मैत्रीण आहे, विडी घरकुलातली, घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठी, सेमी-इंग्लिश, आई विड्या वळते. दहावीला गणितात माझ्या मुलीपेक्षा एक मार्क जास्त. अकरावीला तिनं गणित टाकून फक्त बायो घेतलं, कारण गणिताच्या क्लासची फी वेगळी होती आणि कॉलेजात गणिताचा तास होतो की नाही याचा कुणी भरवसा देईना. आता तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगकडं जावंसं वाटायलंय, आणि गणित नसल्यामुळं बारावीवरनं थेट तिकडं प्रवेश मिळत नाही. पंधराव्या वर्षी ॲडमिशनच्या खिडकीवर पाच मिनिटांत घेतलेला निर्णय. तास नियमित होतात एवढी जरी खात्री असती तरी ती पोरगी गणित सोडणार नव्हती, हे मी छातीठोक सांगतो. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला गेलेला माझा भाचा एम-थ्रीला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताला, दोनदा अडकला, तो पण हेच म्हणतो की मामा, खालचं कुणी शिकवलंच नव्हतं.

सर लोकांवर माझा राग नाही. क्लासमधल्या त्या तरुण सरांना मी भेटलो, ते सरळ म्हणाले, काका, मला पण शिकवायला आवडेल सिद्ध करून, पण महिन्याला एवढे चॅप्टर संपवायचे असं वरनं लिहून येतं. कॉलेजातल्या जुन्या सरांनाही भेटलो, ते वर्गात गेले तर बाकावर चार पोरं, बाकीची क्लासमध्ये. ते तरी भिंतीला शिकवणार का. 

माझं म्हणणं एवढंच आहे की कॉलेजांनी अकरावीच्या गणिताचे तास खरंच घ्यावेत, ॲडमिशन उशिरा झाली तर सुट्टीच्या दिवशी जादा घ्यावेत, आणि अकरावीचा वार्षिक पेपर नीट तपासून पोरांच्या हातात परत द्यावा, चूक कुठं झाली ते लाल पेनानं दाखवून. आणि माझ्यासारख्या पालकांना विनंती, क्लासला फी भरायच्या आधी आत जाऊन मागच्या बॅचच्या पोराची अकरावीची गणिताची वही मागा आणि चाळा. रिझल्टचे बॅनर चौकाचौकात लागलेत, ते नंतर बघा. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट मिळतात, उतरवून घ्या, प्रकरणांची यादी समोर ठेवा आणि वहीतली पानं मोजा.

आमच्या घरी सध्या रविवारी सकाळी आठ पोरं येतात, ती मैत्रीण पण येते, गणित नसलं तरी येते. वन आरके घर आहे, चार जण पलंगावर बसतात, बाकीचे खाली, फळा नाही म्हणून कपाटाच्या दारावर स्केचपेननं लिहितो आणि नंतर रॉकेलच्या बोळ्यानं पुसतो. अकरावीचं पुस्तक पहिल्या पानापासनं धरलंय, ताट-धागा सगळ्यांनी करून झालं, आता त्रिकोणमितीत आहोत. अडलं की एक रिटायर झालेले सर आहेत जुळे सोलापुरात, त्यांना फोन करतो, ते फोनवरच सांगतात. ते म्हणाले, जागा मिळाली तर आठवड्यातनं तीन दिवस मी स्वतः येतो, एक पैसा नको.

तर आपल्या पेपरमार्फत विचारायचं होतं, अशोक चौक ते विडी घरकुल या भागातल्या एखाद्या मनपा शाळेची एक खोली संध्याकाळी सात ते नऊ मिळू शकेल का. लाईट आणि पंखा असला की बास. फळा आणि खडू आमचे आम्ही आणू.

आपला नियमित वाचक,
एक जॉबर आणि बारावीच्या मुलीचा बाप,
सोलापूर